पाच ओळी, पाच ‘नेख्ते’: ब्रनोतल्या एका चिठ्ठीचं प्रकरण

भाच्याचा फोन आला तेव्हा तो तापलेला होता. “मावशी, डिपॉझिटमधून पैसे कापलेत. आणि कशाचे कापलेत, तर तिनंच चिठ्ठीत लिहिलं होतं तसं केलं, त्याचे!” त्याच्यामागून त्याची बायको सांगत होती, “अरे, आधी चिठ्ठीचा फोटो पाठव. मावशींना बघू दे.”

‘ती’ म्हणजे त्यांची घरमालकीण. भाचा, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहराच्या क्रालोवो पोले भागात तीन वर्षं भाड्यानं राहिले. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी. मुलगी तिला ‘बाबि’ म्हणायची. चेक मुलं आजीला अशीच हाक मारतात, त्यामुळे घरातले सगळेच तिला बाबि म्हणायला लागले. मीही इथं तिला बाबिच म्हणते. जूनच्या शेवटी भाच्याला प्राहात, म्हणजे प्रागमध्ये, नोकरी मिळाली आणि घर सोडायचं ठरलं. नेमकी त्याच आठवड्यात बाबि तिच्या ‘खाता’वर गेली होती. ‘खाता’ म्हणजे गावाबाहेरचं लाकडी, छोटेखानी सुट्टीघर. उन्हाळा लागला की असं घर असलेली निम्मी चेक म्हातारी माणसं तिकडेच असतात, बागेत राबतात आणि शहरात फिरकत नाहीत. जाण्यापूर्वी तिनं एक चिठ्ठी लिहून भाच्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवली होती.

मी पुण्यात असते आणि चेकमधून इंग्रजी आणि मराठीत भाषांतरं करते. चेक शिकले ती ब्रनोतच, मासारिक विद्यापीठात, म्हणून ते शहर माझ्या जिव्हाळ्याचं आहे. खरं सांगते, फोटो यायच्या आधीच माझ्या डोक्यात कडक शब्दांतलं पत्र तयार होत होतं. नेहमीच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे चेक दिवाणी कायद्यात स्पष्ट आहे, एवढं मला ठाऊक होतं.

मग फोटो आला आणि ते पत्र मी डोक्यातच फाडून टाकलं.

चिठ्ठी

चौकोनी वहीचं पान, जुन्या वळणाचं तिरकं अक्षर. पाच ओळी. उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहायच्या तर अशा:

स्तूल सि नेख्ते.
प्राच्कु नेख्ते फ् कोउपेल्न्ये.
कोबेरेत्स नेख्ते विचिस्तित.
ओक्ना नेख्ते बीत.
क्लीचे नेख्ते उ सोउसेत्की.

प्रत्येक ओळीवर भाच्यानं पेन्सिलीनं इंग्रजी लिहिलं होतं. त्यानं सुरुवातीच्या पातळीचा चेकचा वर्ग केला होता आणि त्याच्याकडे खिशात मावणारा चेक-इंग्रजी कोश होता. ‘नेख्ते’ हे ‘नेखात’ या क्रियापदाचं आदरार्थी आज्ञेचं रूप, हे त्यानं बरोबर ओळखलं. कोशात ‘नेखात’समोर पहिला अर्थ होता ‘लीव्ह’. तोच त्यानं पाचही ओळींवर लिहिला. लीव्ह टेबल. लीव्ह वॉशिंग मशीन इन बाथरूम. लीव्ह कार्पेट टू क्लीन. लीव्ह विंडोज टू बी. लीव्ह कीज विथ नेबर.

आणि त्याप्रमाणे घर सोडलं. टेबल होतं तिथंच राहिलं. धुण्याचं मशीन न्हाणीघरात राहिलं. गालिचा गुंडाळून दाराबाहेरच्या बोळात उभा केला, म्हणजे धुण्यासाठी न्यायला सोपा जाईल. खिडक्यांना हात लावला नाही. सुनेनं व्हिनेगर आणून दोन खिडक्या पुसल्या होत्या, ‘लीव्ह’ वाचून उरलेल्या तशाच ठेवल्या. किल्ल्या शेजारणीकडे दिल्या. पाच कामं, पाचही प्रामाणिकपणे केलेली.

त्यातली तीन बरोबर होती. दोन चुकली, आणि दोन्ही दोन उलट्या दिशांनी: एका ओळीत त्यांना मिळालेली भेट त्यांनी नाकारली, दुसऱ्या ओळीत त्यांच्यावर सोपवलेलं काम त्यांनी केलं नाही.

टेबल

‘स्तूल सि नेख्ते.’ यातला ‘सि’ भाच्यानं सोडून दिला. “एवढासा शब्द, मला वाटलं टेबलाला लागून काहीतरी प्रत्यय असेल,” तो म्हणाला. त्याची चूक मला समजते. हा ‘सि’ चेक वाक्यात बहुतेक वेळा दुसऱ्या जागी बसतो, पहिला शब्द कुठलाही असो. इथं पहिला शब्द ‘स्तूल’ म्हणजे टेबल, म्हणून ‘सि’ टेबलाला चिकटल्यासारखा दिसतो. त्याचं खरं नातं मात्र शेवटच्या क्रियापदाशी आहे. बोलताना त्याच्यावर जोरही पडत नाही, त्यामुळे नवशिक्या कानातून तो निसटतो.

‘सि’ म्हणजे स्वतःसाठी, स्वतःकडे. ‘स्तूल नेख्ते’ म्हणजे टेबल ठेवा, म्हणजे मागे सोडून जा. ‘स्तूल सि नेख्ते’ म्हणजे टेबल तुम्ही ठेवून घ्या. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘लीव्ह’ आणि दुसऱ्यासाठी ‘कीप’, जवळजवळ विरुद्ध अर्थाची दोन क्रियापदं. कोशात ‘नेखात सि’ हा वेगळा अर्थ म्हणून दिलेला असतो, पण बराच खाली. घाईत पहिलीच ओळ वाचणाऱ्याच्या नजरेला तो पडत नाही.

एकाच क्रियापदात ‘सोड’ आणि ‘ठेवून घे’ कसे मावतात? माझं मत असं: ‘नेखात’ वस्तूच्या बाजूनं बघतं. वस्तू आहे तिथून हलत नाही, आपला हात तिला लागत नाही, एवढंच ते सांगतं. ती तिथं राहिली तर सोडली, आपल्याकडे राहिली तर ठेवून घेतली. या शब्दाची व्युत्पत्तीही त्याच दिशेची आहे. स्लाव्ह भाषांचे अभ्यासक हे क्रियापद ‘ने’ म्हणजे ‘नाही’ आणि काळजी करणे, पर्वा करणे या अर्थाचा जुना धातू यांच्या जोडीतून आल्याचं मानतात. म्हणजे मुळात ‘त्याची काळजी करू नकोस, तसंच असू दे’. पोलिश ‘न्येख’, स्लोवाक ‘नेख’ हे ‘असो, होवो’ या अर्थाचे शब्द त्याच घरातले. चेकमध्येही ‘नेखत्य’ असा एक जुना, ग्रांथिक शब्द आहे आणि तो आजही गणिताच्या पुस्तकात सर्रास भेटतो. आपण ‘समजा, क्ष ही वास्तव संख्या आहे’ म्हणतो, तिथं चेक गणिती ‘नेखत्य’नं सुरुवात करतो.

आणि इथंच मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काहीतरी दिसलं. भाच्यानं त्या ओळीचं इंग्रजी न करता थेट मराठी केलं असतं, तर कदाचित तो थबकला असता. मराठीत ‘ठेवा’ आणि ‘ठेवून घ्या’ यांत जो फरक आहे, तोच चेकमधल्या ‘नेख्ते’ आणि ‘सि नेख्ते’मध्ये आहे. आपलं ‘घेणे’ हे सहायक क्रियापद तेच काम करतं जे तिकडं ‘सि’ करतो: क्रियेचं फळ कर्त्याकडे वळवतं. वाचून घे, लिहून घे, जेवून घे. इंग्रजीत ही वळणाची खूणच नाही, तिथं आख्खं क्रियापद बदलावं लागतं. चेककडून मराठीकडे येताना मध्ये इंग्रजीचा पूल घेतला, आणि दोन्ही काठांवर असलेली वस्तू नेमकी त्या पुलावरून पाण्यात पडली.

दोन्ही भाषांचे हिशेब काही सगळीकडे जुळत नाहीत, हेही सांगायला हवं. आपलं ‘ठेवणे’ जास्त पसरलेलं आहे. ‘पुस्तक कपाटात ठेव’ म्हणजे उचलून तिथं नेऊन ठेव. त्यासाठी चेकमध्ये ‘नेखात’ चालत नाही, वेगळं क्रियापद लागतं. ‘नेखात’चा भर उचलून ठेवण्याच्या हालचालीवर नसतो, वस्तू तिथं राहू देण्यावर असतो.

ते टेबल साधं नव्हतं. ओकच्या लाकडाचं, बाबिच्या नवऱ्यानं घेतलेलं. मुलगी त्याच टेबलाशी बसून पहिल्यांदा स्वतःच्या हातानं वरणभात जेवली होती. बाबिनं हे पाहिलं होतं. जुनं टेबल पोरीला द्यावं असं तिच्या मनात होतं, आणि तिनं ते तिच्या भाषेतल्या सगळ्यात साध्या वाक्यात लिहिलं. ती ‘खाता’वरून परत आली तेव्हा रिकाम्या खोलीत ते टेबल एकटं उभं होतं.

गालिचा

दुसरी चूक जास्त अवघड आहे, कारण इथं अनुभवी भाषांतरकाराचीही वाट चुकते. मला हे माहीत आहे, कारण हाताखाली शिकणाऱ्यांच्या वह्यांत मी ही चूक वर्षानुवर्षं लाल करत आले आहे.

‘कोबेरेत्स नेख्ते विचिस्तित.’ ‘कोबेरेत्स’ म्हणजे गालिचा, ‘विचिस्तित’ म्हणजे स्वच्छ करणे. भाच्यानं वाचलं: गालिचा धुण्यासाठी सोडून जा. बाबिचं म्हणणं होतं: गालिचा धुवून घ्या, म्हणजे तुम्ही धुलाईवाल्याकडून करवून घ्या. गालिच्यावर वरणाचा पिवळा डाग पडला होता, हळदीचा, तो काही नेहमीची झीज म्हणून खपणारा नव्हता. चेक शहरांत कपडे आणि गालिचे धुऊन देणारं दुकान असतं, त्याला ‘चिस्तिर्ना’ म्हणतात. तिचा इशारा तिकडंच होता.

‘नेखात’च्या मागे दुसरं क्रियापद मूळ रूपात आलं की अर्थ दोन दिशांना जाऊ शकतो. ‘नेख्ते द्येति स्पात’ म्हणजे मुलांना झोपू द्या. इथं झोपणारी मुलंच आहेत, आपण फक्त आड येत नाही. ‘कोबेरेत्स नेख्ते विचिस्तित’मध्ये गालिचा काही स्वच्छ करत नाही, त्याच्यावर क्रिया होते, म्हणजे ती कुणाकडून तरी करवून घ्यायची आहे. पहिल्यासाठी इंग्रजीत ‘लेट’, दुसऱ्यासाठी ‘हॅव्ह’ किंवा ‘गेट’ची ती विशिष्ट रचना. चेकमध्ये दोन्हींना एकच साचा. नाम जिवंत असेल, स्वतः काही करू शकणारं असेल, तर खरोखरच संदिग्धता उरते. ‘नेखाला द्त्सेरु ओस्त्रिहात’ हे एकटं वाक्य वाचलं तर आईनं मुलीचे केस कापून घेतले की मुलीला कुणाचे तरी केस कापू दिले, हे ठरवायला आजूबाजूची वाक्यं बघावी लागतात.

चेक लोक स्वतःही इंग्रजीत गेले की इथंच घसरतात. डिपॉझिटचा हिशेब आला त्याच्याखाली बाबिच्या नातवानं मदत म्हणून इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: ‘ग्रँडमा लेट क्लीन द कार्पेट.’ भाच्यानं मला विचारलं, “आजीनं कोणाला करू दिलं? परवानगी कसली?” परवानगीचा प्रश्नच नव्हता. आजीनं गालिचा धुवून घेतला, एवढाच अर्थ. नातवाच्या डोक्यात ‘नेखाला विचिस्तित’ होतं, आणि शाळेत ‘नेखात’समोर ‘लेट’ शिकवलेलं. मामा-भाच्यांच्या गोष्टीत दोघंही एकाच विहिरीत दोन बाजूंनी पडावेत, तसं झालं: एक चेक वाचून त्याचं इंग्रजी करताना, दुसरा चेकमध्ये विचार करून इंग्रजी लिहिताना.

शिकवताना मी याला प्राहाच्या पुलाचं उदाहरण देते. सम्राट चौथा कारेल, म्हणजे इंग्रजीतला चार्ल्स, यानं व्ल्तावा नदीवर दगडी पूल बांधायला घेतला. पायाभरणी 1357 सालची. चेक इतिहासाच्या पुस्तकात वाक्य असतं: ‘कारेल नेखाल पोस्तावित मोस्त.’ ‘नेखाल पोस्तावित’ याचं इंग्रजी ‘लेट बिल्ड’ केलं तर वाटतं, कुणीतरी पूल बांधायची परवानगी मागत होतं आणि राजानं ती दिली. मराठीत आपण अडखळत नाही: कारेलनं पूल बांधवला, बांधून घेतला. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधवला म्हणतो, तसंच.

पण मराठीतही ‘गालिचा धुवून घ्या’ हे वाक्य अगदी निःसंदिग्ध आहे असं मी म्हणणार नाही. ते ऐकून कुणी स्वतःच बादली घेऊन बसेल. ब्लाउज शिवून घेतला, केस कापून घेतले, इथं शंका येत नाही, कारण ही कामं आपण स्वतः करत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. शंका असेल तिथं आपण ‘धुवायला द्या’ म्हणतो. आणि गंमत अशी, चेकमध्येही अगदी हीच सोय आहे. ‘दात’ म्हणजे देणे. संस्कृतातला ‘दा’ आणि हा ‘दात’ एकाच मुळाचे. ‘कोबेरेत्स देय्ते विचिस्तित’ हे ‘गालिचा धुवायला द्या’ याचं शब्दशः जुळं आहे. कारेलच्या पुलाबद्दलही ‘दाल पोस्तावित’ तितकंच बरोबर. बाबिनं त्या दिवशी ‘देय्ते’ लिहिलं असतं तर भाचा चुकला नसता, कारण कोशात ‘देणे’ सापडलं असतं आणि कोणाला द्यायचं हा प्रश्न त्याला पडला असता. पण बोलताना कुठलं क्रियापद तोंडावर येईल हे कुणी ठरवत नाही. बाकीच्या चारही ओळींत ‘नेख्ते’ आलं, या ओळीतही तेच आलं.

खिडक्या, किल्ल्या आणि बाकीचं

खिडक्यांची ओळ ‘ओक्ना नेख्ते बीत’. ‘बीत’ म्हणजे असणे. खिडक्या असू द्या, राहू द्या, त्या पुसायच्या भानगडीत पडू नका. म्हातारीनं दाखवलेली माया. नेमकं या ओळीत भाच्याचं इंग्रजीही चाललं, कारण इंग्रजीतही ‘लीव्ह इट बी’ म्हणायची पद्धत आहे. किल्ल्या आणि धुण्याचं मशीन यांच्या ओळी सरळ होत्या: वस्तू, जागा, आणि ‘ठेवा’.

चिठ्ठीत नसलेले, पण ब्रनोत पाय ठेवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात भेटणारे काही ‘नेखात’ मी भाच्याला त्याच फोनवर सांगितले. कारण एकदा चूक सापडली की पुढच्याही दिसाव्यात. मूल सारखं काहीतरी करत असेल तर आई ओरडते, ‘नेख तोहो!’ म्हणजे थांबव ते, पुरे कर. आणि ‘नेख तो!’ म्हणजे ते तसंच राहू दे. फरक एका विभक्तीचा. ‘तो’ ही द्वितीया, ‘तोहो’ ही षष्ठी. ‘नेखात’बरोबर षष्ठी आली की अर्थ ‘सोडून देणे, बंद करणे’ होतो. सिगारेट सोडली, शाळा सोडली, हे असंच सांगता येतं. पोस्टरवर ‘नेनेख्ते सि उयीत’ दिसतं. शब्दशः ‘स्वतःकडून निसटून जाऊ देऊ नका’, म्हणजे चुकवू नका. स्टेशनवरच्या घोषणेत मात्र ‘नेनेखावेय्ते’ येतं, म्हणजे सामान बेवारस सोडू नका. ‘नेखावात’ हे ‘नेखात’चं अपूर्ण क्रियेचं जोडीदार रूप, आणि चेक माणूस मनाई करताना बहुधा तेच वापरतो.

एक मला सगळ्यात आवडतं. चेक घरात ताट समोर ठेवलं की यजमानीण म्हणते ‘नेख्ते सि खुत्नात’. शब्दशः ‘स्वतःला चव लागू द्या’. इंग्रजीत त्याला ‘एन्जॉय युअर मील’ असं काहीतरी सपक मिळतं. आपल्याकडे पंगतीत वाढणारी बाई म्हणते, “सावकाश होऊ द्या.” तोच ‘होऊ द्या’, तेच आर्जव. घाई करू नका, आम्ही आहोत. मला पहिल्यांदा हे वाक्य ब्रनोत एका घरी ऐकायला मिळालं, तेव्हा घशाशी काहीतरी आलं होतं.

इंग्रजी ‘लीव्ह’ उलट्या बाजूनंही फसवतं. भाच्यानं घर सोडण्याआधी बाबिला निरोप पाठवला होता, ‘नेखावामे ब्रनो’. त्याला म्हणायचं होतं, आम्ही ब्रनो सोडून चाललोय. चेक कानाला ते ‘आम्ही ब्रनोला तसंच राहू देतोय’ असं काहीतरी लागतं. निघून जाण्यासाठी ‘नेखात’ नसतं. पायी निघालात तर ‘ओदेयीत’, गाडीनं निघालात तर ‘ओद्येत’, मागे टाकून, त्यागून निघालात तर ‘ओपुस्तित’. बायकोला टाकणं ते शेवटचं.

एसेमेस

आता प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग. बाबि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत आली. रिकामी खोली, तिथं टेबल, बोळात डागासकट गुंडाळलेला गालिचा. तिनं एसेमेस पाठवला: ‘नेखाम हो ना खोद्ब्ये दो पात्कु.’

भाच्यानं वाचलं: आय लीव्ह हिम इन द कॉरिडॉर टिल फ्रायडे. “हिम म्हणजे कोण?” मग त्यानंच ठरवलं, गालिचाच. बोळात गालिचाच तर उभा आहे. शुक्रवारपर्यंत तिथंच ठेवते म्हणतेय, म्हणजे धुलाईवाला येईल. त्यानं ‘द्येकुयि’ लिहून आभार मानले आणि विषय संपला असं समजला.

इथं दोन गोष्टी होत्या. पहिली, ‘नेखाम’ हे वर्तमानकाळासारखं दिसलं तरी भविष्यकाळ आहे. ‘नेखात’ हे पूर्ण क्रियेचं क्रियापद. असल्या क्रियापदांना चेकमध्ये खरा वर्तमानकाळ नसतो, त्यांचं वर्तमान रूप भविष्य सांगतं. म्हणजे ‘ठेवीन’, ‘ठेवेन’. ती अजून काहीतरी करणार होती. बोळात आधीपासून असलेल्या गालिच्याबद्दल ती भविष्यात कशाला बोलेल? दुसरी, ‘हो’ म्हणजे ‘त्याला’. चेकमध्ये ‘स्तूल’ही पुल्लिंगी आणि ‘कोबेरेत्स’ही पुल्लिंगी. मराठीतलं नपुंसकलिंगी टेबल आणि पुल्लिंगी गालिचा यांच्या लिंगांनी जो उजेड पाडला असता, तो तिथं पडत नाही. तिला म्हणायचं होतं: टेबल तुम्ही विसरला असाल. मी ते बोळात आणून ठेवीन, शुक्रवारपर्यंत. येऊन घेऊन जा.

त्यावर ‘धन्यवाद’ आलं, आणि शुक्रवारी कोणीच आलं नाही.

सत्तर ओलांडलेल्या बाईनं एकटीनं ते टेबल दारातून बोळात ओढलं असणार. मला फोटोतली पाच वाक्यं वाचून जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं या एका एसेमेसनं वाटलं. त्यानंतर तिनं गालिचा स्वतः धुलाईवाल्याकडे दिला, पावती जोडली आणि तेवढे पैसे डिपॉझिटमधून वजा करून बाकी रक्कम परत पाठवली. तिच्या बाजूनं बघा: सांगितलेलं काम केलं नाही, आणि दिलेली वस्तू नेली नाही.

डिपॉझिटबद्दल तिथला कायदा भाडेकरूच्या बाजूनं बराच सावध आहे. राहत्या घरासाठी तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि घर सोडताना ते परत करायचं असतं, भाडेकरूकडून येणं असेल तेवढंच वळतं करून. बाबिनं एक कोरुनाही जास्त कापला नव्हता.

पत्र

भाच्याची पहिली सूचना होती, “इंग्रजीत मेल टाकू, नातू वाचून दाखवेल.” मी नको म्हटलं. ज्या पुलावरून दोन वस्तू पडल्या त्याच पुलावरून तिसरी कशाला न्यायची? आम्ही चेकमध्येच लिहिलं. कागदावर, टपालानं. मी मजकूर सांगितला, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. सून मागून एकेक शब्दाचं मराठी विचारत होती, म्हणून फोन दीड तास चालला.

पत्रात आधी पैशांचं. तुम्ही कापलेत ते योग्यच आहे, गालिचा धुवून घ्यायचं काम आमचं होतं, आम्हाला वाक्य कळलं नाही. मग टेबलाचं. तुम्ही आम्हाला ते ठेवून घ्या म्हणालात आणि आम्ही वाचलं की ठेवून जा. एसेमेसही आम्ही गालिच्याचा समजलो. टेबल नको म्हणून मागे टाकलं असं कृपा करून समजू नका. शेवटी मुलीनं काढलेलं एक चित्र: चार पाय आणि वर तीन ताटल्या.

मी त्याला सांगितलं होतं, टेबल परत मिळेल अशी आशा धरू नको. बोळातली चांगली लाकडी वस्तू किती दिवस राहते?

नऊ दिवसांनी उत्तर आलं, पोस्टकार्डावर. दोन ओळी. भाच्यानं मला फोन लावला, पण फोटो पाठवला नाही. म्हणाला, “थांब मावशी, मी वाचतो. तू फक्त ऐक.”

पहिली ओळ: ‘कोबेरेत्स नेख्ते प्लावात.’ “प्लावात म्हणजे पोहणे, हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. “गालिच्याला पोहू द्या. म्हणजे… जाऊ द्या?” बरोबर. चेक माणूस एखादा विषय सोडून देतो तेव्हा त्याला पोहायला सोडतो. ‘प्लावात’ आणि आपलं संस्कृतातलं ‘प्लवते’ हे एकाच मुळाचे आहेत, हे मी त्याला नंतर सांगितलं. त्या क्षणी तो ऐकणार नव्हता.

दुसरी ओळ: ‘स्तूल य्सेम वाम नेखाला.’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नेखाला. हे ‘ला’ पुल्लिंगी वाटतं, पण तिकडं बायकांसाठी असतं ना?” हो. आपल्या गेला-गेली-गेलंसारखे तिकडेही भूतकाळाला ‘ल’ लागतो, फक्त तिथं पुरुषाला नुसता ‘नेखाल’, बाईला ‘नेखाला’. “म्हणजे तिनं टेबल… ठेवलं.” पुन्हा थांबला. “मावशी, यात ‘सि’ नाहीये. तिनं ठेवून घेतलेलं नाही. ‘वाम’ आहे.”

“वाम म्हणजे काय?” मागून सुनेनं विचारलं.

“आपल्यासाठी,” तो म्हणाला, आणि शनिवारी सकाळी कुठली मोठी गाडी भाड्यानं मिळेल हे शोधायला लागला. प्राहाहून ब्रनो दोनशे किलोमीटर.